चाऱ्याची नावं गावागणिक बदलतात, मग शिकायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंचं कृषी पदवीचं शिक्षण पुण्यात झालं, आता जिल्ह्यातल्या एका पशुधन प्रकल्पात त्या रुजू झाल्या आहेत. मावळ, जुन्नर आणि इंदापूर अशा तीन तालुक्यांत त्यांना फिरावं लागतं. पुस्तकातली नावं गावात कुणी ओळखत नाही, गावातली नावं पुस्तकात सापडत नाहीत, आणि एका गावचं नाव दुसऱ्या गावात भलत्याच गवताला लागतं. ही बोली शिकायची कशी, आणि शेतकऱ्यांना द्विदल, म्हणजे शेंगवर्गीय, चारा नि गवत सुचवायचं कोणतं, असं त्यांनी विचारलं आहे.

दोन्ही प्रश्न एकत्र विचारलेत हे फार चांगलं केलंत. चाऱ्याच्या कामात माझी उभी हयात गेली, आणि मला हे दोन प्रश्न कधी वेगळे करता आलेले नाहीत. नावात घोटाळा झाला की तो थेट गव्हाणीत उतरतो.

‘घास’ हा शब्दच घ्या. पुणे आणि अहिल्यानगरच्या बागायती पट्ट्यात नुसतं घास म्हटलं की तो लसूण घास, म्हणजे लुसर्न. कुणी त्यालाच मेथी घास म्हणतं. लसणाशी त्याचा काही संबंध नाही, तेव्हा दुधाला लसणाचा वास येईल का असं नवख्या गोपालकाने विचारलं तर निःशंकपणे नाही म्हणून सांगा. तिथे साध्या गवताला कुणी घास म्हणत नाही. हिंदीत मात्र घास म्हणजे कुठलंही गवत, आणि आता गोठ्यावर मराठी नि हिंदी दोन्ही बोलणारे गडी असतात. पुण्यात राहणाऱ्या एका मालकाने फोनवर हिंदीत ‘घास पेट भर के डालो’ असं सांगितलं. फोन उचलला होता गावातल्या गड्याने. त्याने भल्या सकाळी दवाने भिजलेला कोवळा लसूण घास कापला आणि उपाशी गायींपुढे भरपूर टाकला. दोन गायींच्या डाव्या कुशी तासाभरात ढोलासारख्या ताणल्या. डॉक्टर वेळेवर पोचले म्हणून त्या वाचल्या.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण शेतकरी तुम्हाला हे विचारणारच. कोवळ्या लुसर्नमधली प्रथिनं पाण्यात झटकन विरघळतात आणि कोठीपोटात, म्हणजे गुराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, घट्ट फेस तयार होतो. एरवी वायू ढेकरेवाटे बाहेर पडतो, इथे तो त्या फेसात अडकून राहतो. म्हणून घास कापल्यावर काही तास सुकवायचा, आधी जनावराच्या पोटात थोडी कडबा कुट्टी जाऊ द्यायची, आणि घास एकट्याने न घालता कुट्टीत मिसळून घालायचा. बरसीम या दुसऱ्या द्विदल चाऱ्यालाही हेच लागू आहे.

एकच शब्द आणि वनस्पती अनेक, हा प्रकार सगळ्यात धोक्याचा. ‘अंजन’ ऐकलंत की लगेच वहीत सेंक्रस सिलिॲरिस, म्हणजे अंजन गवताचं शास्त्रीय नाव, लिहू नका. कोरडवाहू भागात अंजन नावाचं झाडही आहे, हार्डविकिया बिनाटा, आणि त्याचा पाला जनावरांना घालतात. म्हणजे दोन्ही अंजन चाराच. घाटात तिसरी अंजनी भेटते, ती आणखी निराळी. अंजन गवताचीच गंमत पुढे बघा. आपल्याकडे सेंक्रस सिलिॲरिसला अंजन आणि सेंक्रस सेटिजेरसला धामण म्हणायची पद्धत आहे. राजस्थानात सिलिॲरिसलाच धामण म्हणतात, नि सेटिजेरसला मोडा धामण. तिकडून आलेल्या पोत्यावर ‘धामण’ लिहिलेलं असेल तर आत आपलं अंजनही निघू शकतं. कणीस पाहिलं की उलगडा होतो. अंजनाचे केस लांब, मऊ, पिसासारखे असतात. धामणाच्या बोंडाचे काटे आखूड आणि ताठ, बोटाला खरखरीत लागतात.

‘रानमूग’ हाही असाच सैल शब्द आहे. एकाहून अधिक रानवेलींना तो लावतात, तेव्हा शेंग हातात आल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

याच्या उलट प्रकार, म्हणजे एकाच गोष्टीला जागोजागी वेगळे शब्द, त्रासाचा असला तरी धोक्याचा नाही. मावळात भाताचा पेंढा, तोच पूर्व विदर्भात तणस. आपली सरकी पेंड तिकडे सरकीची ढेप होते. तुरीच्या नि हरभऱ्याच्या भुसकटाला विदर्भात कुटार म्हणतात. कडब्याच्या रचलेल्या ढिगाला कुणी गंज म्हणेल, कुणी वळई, तर मराठवाड्याकडून आलेला माणूस बनीम म्हणेल. हे शब्द ऐकत गेलं की महिन्या-दोन महिन्यांत अंगवळणी पडतात. फक्त जिथे शब्द मापाचा आहे तिथे थांबा. कडबा शेकडा पेंढ्यांच्या भावाने विकला जातो, आणि पेंढी किती जाड बांधायची हे गावागावाचं ठरलेलं असतं. चाऱ्याचा हिशेब मांडताना चार-पाच पेंढ्या वजनकाट्यावर टाकून सरासरी काढा, नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

तिसरा प्रकार नुसत्या उच्चाराचा. पूर्वेकडच्या आणि उत्तरेकडच्या काही बोलींत ‘ळ’चा ‘य’ होतो. तिकडची ऊसतोड किंवा गोठ्यावरची माणसं ‘कुसय’ म्हणाली तर ते कुसळच, ‘हरयी’ म्हणजे हरळी. ग्रामीण बोलण्यात ‘ण’चा ‘न’ होतो, वैरणीची वैरन होते. हे नवं नाव नाही, त्यासाठी वहीत वेगळी ओळ करू नका. एकदा अशी आवाजाची जोडी कानाला पटली की पुढचे दहा शब्द आपोआप उलगडतात. कान तयार करायचा तर येरवड्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर केलेलं मराठी बोलींचं सर्वेक्षण ऐका. गावोगावच्या माणसांचं बोलणं त्यात ध्वनिमुद्रित केलेलं आहे. शेतीशिक्षणात हे कुणी ऐकवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. पुस्तक वनस्पतीची वाटणी फुलोऱ्यावरून करतं. शेतकरी आणि मेंढपाळ ती अवस्थेवरून नि उपयोगावरून करतात. तुम्ही नावांमागे धावताय, पण खरी किल्ली अवस्थेच्या शब्दांत आहे. ज्वारी बघा. कोवळ्या रोपापासून दाणा भरेपर्यंत तिच्या अवस्था क्रमाने अशा: पोंगा, पोटरी (कणीस अजून पानाच्या आवरणात असतं ती), निसवण (कणीस बाहेर पडतं ती), फुलोरा, चीक, हुरडा. दाट पेरून हिरवी कापली तर ती कडवळ, दाणा काढून वाळवली तर तिचाच कडबा. वनस्पतिशास्त्राच्या लेखी हे एकच झाड, गाईच्या लेखी मात्र यातला एक घास जीव घेणारा ठरू शकतो. पोंग्यातल्या कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचं द्रव्य असतं, ते जनावराच्या पोटात गेलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतो. पावसाने ताण दिलेला असेल, किंवा कापणीनंतर खोडव्याचे नवे फुटवे आलेले असतील, तर धोका आणखी वाढतो. या विषबाधेलाच किराळ लागणं म्हणतात. निम्मं पीक फुलोऱ्यात आल्यावर कडवळ कापलं तर तो धोका बराच उतरतो. म्हणून एखादी आजी ‘अजून पोटरीत नाय आलं, सोडू नको गुरं’ म्हणते तेव्हा ती संपूर्ण विषशास्त्र एका वाक्यात सांगत असते. तो शब्द जसाच्या तसा उतरवून घ्या.

कुसळी गवताचंही तसंच. तुम्ही इंदापूरच्या माळावर ऑक्टोबरात विचारलंत तर धनगर म्हणेल, वाईट गवत, मेंढराच्या कातडीत घुसतं. खरंच घुसतं. तोंडात जखमा होतात, लोकर खराब होते. पण हाच प्रश्न श्रावणात विचारा, तोच माणूस सांगेल की मेंढरं आवडीने खातात. दोन्ही उत्तरं खरी आहेत. पक्कं झालेलं एक कुसळ तळहातावर घ्या आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडा. पीळ उलगडायला लागतो आणि कुसळ हातावरच गोल फिरू लागतं. ओल मिळाली की फिरायचं, वाळलं की उलट पिळायचं, असं करत बी स्वतःला जमिनीत पुरून घेतं. मातीऐवजी मेंढीची पाठ मिळाली तर तिथेही हेच करतं. म्हणून कुसळीचं कुरण फुलोऱ्याआधी कापायचं. वहीत ‘कुसळी, वाईट’ अशी नोंद केलीत तर जुलै-ऑगस्टचा चांगला चारा वाया घालवायचा सल्ला द्याल.

तेव्हा नोंद कशी करायची? नाव, गाव, कोणी सांगितलं आणि ती व्यक्ती काय काम करते, महिना, गवताची अवस्था, जमीन कशी. इतकं प्रत्येक नावाशेजारी हवंच. कोणी सांगितलं याला फार अर्थ आहे. बांधावरचं गवत रोज विळ्याने कापणाऱ्या बाईला जी नावं ठाऊक असतात ती नवऱ्याला बहुतेकदा नसतात. मेंढपाळ पाहतो ते मेंढीच्या तोंडाने, म्हशीवाला पाहतो ते म्हशीच्या. पावसाळा सरला की कोकणाकडे उतरणारे धनगर दोन्ही बाजूंची नावं जाणतात, ते भेटले तर दुपार त्यांच्याजवळ घालवा. आणि प्रश्न विचारताना ‘याला मारवेल म्हणतात ना?’ असं कधी विचारू नका. पाहुण्याचं मन मोडायला नको म्हणून माणूस ‘हो’ म्हणतो आणि तुमची वही बिघडते. तुटलेलं पान दाखवून नाव विचारणंही उपयोगाचं नाही. कुरणातच उभं राहून विचारा, ‘याला जनावर तोंड लावतं का? कधी लावतं, कधी सोडतं?’ नाव त्या गप्पांत आपसूक येतं, आणि खात्रीचं येतं.

मग ते रोप तुमच्या पद्धतीने ओळखा. दहापट भिंग खिशात ठेवा. मारवेल ओळखायचं तर पान बघत बसू नका, पेर बघा. डायकँथियम ॲन्युलेटमच्या, म्हणजे मारवेलच्याच, पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं, उन्हात धरलं की लखलखतं. कांडी फिरवून पाहा, कडं सगळीकडून पूर्ण असतं. मग पान मागे वाकवून पात्याच्या बुडाशी असलेला जिभेसारखा पापुद्रा बघा, आणि कणसाचा फोटो घ्या. एवढ्यानेही शंका राहिली तर मुळासकट, फुलोऱ्यासकट रोप वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात दाखवा. १९५५ पासून हे कार्यालय पुण्यात आहे, त्यांच्या वनस्पतिसंग्रहात आपल्या डोंगरांवरची गवतं जपून ठेवलेली आहेत.

हे काम आपल्या शहरात नवं नाही. ब्रिटिश काळात कृषी महाविद्यालयातले विल्यम बर्न्स आणि त्यांचे सहकारी भांबुर्ड्याच्या माळावर, म्हणजे आजच्या शिवाजीनगरच्या बाजूला, कुरणांचा अभ्यास करत होते. शेडा, पवन्या, मारवेल ही गावातली नावं चाराशास्त्राच्या लेखनात तेव्हापासून रुळली. तरीही आजसुद्धा सेहिमा नर्वोसम या एकाच गवताला कुठे शेडा म्हणतात, कुठे पवन्या. दोन्हींत चूक कुणाची नाही. ‘आमच्या इथे’ हे दोन शब्द त्या नावाचाच भाग समजा.

बियाणं घेताना मात्र हा मोकळेपणा ठेवू नका. तिथे पीक आणि वाण, दोन्ही पिशवीवर छापलेलेच हवेत. ‘घासाचं बी द्या’ म्हणून दुकानात गेलं की मिळेल ते पदरात पडतं. बहुवर्षायू लसूण घास हवा असेल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आरएल-८८ मागा. बी तळहातावर पसरा. लुसर्नचं बी पिवळसर, चकचकीत, मूत्रपिंडाच्या आकाराचं असतं. त्यात बारीक, मळकट, खरबरीत गोल दाणे दिसले तर ते अमरवेलाचे असू शकतात. अमरवेल एकदा वाफ्यात शिरली की पिवळ्या दोऱ्यांचं जाळं घासावर पसरतं, आणि तो भाग कापून जाळण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

द्विदल पिकाच्या बियाण्याला चोळायच्या जिवाणू संवर्धकाच्या बाबतीतही नुसतं ‘रायझोबियम’ म्हणून भागत नाही. लुसर्नचा जिवाणू वेगळा, बरसीमचा वेगळा, चवळीचा वेगळा. पाकिटावर पिकाचं नाव वाचा. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम चोळा आणि सावलीत सुकवून लगेच पेरा. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने एक रोप हलकेच मातीसकट उपटून पाण्यात धुवा. मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर असेल तर ती हवेतलं नत्र बांधते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती नुसतीच बसून आहे. हे शेतकऱ्याच्या हाताने करवा, त्याचा युरियाचा हात आपोआप आखडतो. आणि ‘शेंगा लागतात म्हणजे जमीन सुधारते’ असं सरसकट सांगू नका. टाकळ्यालाही शेंगा लागतात, पण त्याच्या मुळावर गाठी धरत नाहीत आणि गुरंही त्याला तोंड लावत नाहीत. कुरणात टाकळा माजला तर चराई प्रमाणाबाहेर झाली असं समजा.

आता तालुक्यांकडे वळते. जुन्नरला जिथे पाणी आहे तिथे संकरित नेपियर हे उंच वाढणारं गवत आणि लसूण घास ही जोडी. नेपियरचे फुले जयवंत किंवा बाएफ-१० यांसारखे वाण घ्या. उरुळीकांचनला बाएफ या संस्थेच्या केंद्रावर ते उभे पाहता येतात. दोन डोळ्यांच्या कांड्या ९० बाय ६० सेंटिमीटरवर लावा. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, पुढच्या साधारण दीड महिन्याने. उंच वाढलेलं नेपियर पाहून शेतकरी खूश होतो, पण खोड टणक झालं की गाय पानं खाऊन दांडे गव्हाणीत सोडते. लसूण घास ऑक्टोबर-नोव्हेंबरात ३० सेंटिमीटरच्या ओळींत, हेक्टरी २५ किलो बी. पहिली कापणी ५०-५५ दिवसांनी, मग दर २५-३० दिवसांनी. कोरड्या वजनावर घासात सुमारे २० टक्के प्रथिनं, नेपियरमध्ये ८ ते १०, कडब्यात जेमतेम ३-४. म्हणून हिरव्या चाऱ्यात दोन वाटे एकदल, म्हणजे नेपियरसारखं गवत, आणि एक वाटा द्विदल ठेवा. पेंडीचा खर्च तिथेच कमी होतो. बरसीमचा आग्रह धरू नका. त्याला लांब थंडी आणि भरपूर पाणी लागतं, आपल्याकडे मार्चच्या उन्हात ते संपतं, लुसर्न मात्र पुढे टिकतं.

मावळात लसूण घास लावायला सांगू नका. तिथली आम्लधर्मी, पाणी धरून ठेवणारी भातजमीन त्याला मानवत नाही. तिथे भातानंतर उरलेल्या ओलीवर वाल, आणि वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या, जमिनीवर स्टायलो हा द्विदल चारा घ्या. खरिपात मक्यात दोन ओळींआड एक ओळ चवळीची कुठेही चालते.

इंदापूरच्या माळासाठी मारवेल किंवा अंजन, त्यात स्टायलो. स्टायलोचं बी कठीण कवचाचं असतं, तसंच फेकलं तर बरंचसं उगवत नाही. सुमारे ८० अंश गरम पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवून काढा, सावलीत वाळवा. मृगाच्या आधी किंवा पहिल्या पावसाबरोबर मातीत मिसळून टाका, सेंटिमीटरहून खोल जाऊ देऊ नका. त्या माळावर चिंकारा आणि लांडगा राहतात, म्हणून सगळं कुरण नांगरून नवं करायच्या फंदात पडू नका. असलेलं गवत राखा, मोकळ्या जागांतच पेरा. पहिलं वर्ष चराई पूर्ण बंद ठेवा आणि स्टायलोचं बी गळून पडल्यावरच विळा लावा. दुसऱ्या वर्षीपासून फुलोऱ्यात कापणी सुरू करता येते. चराईबंदीची बोलणी मात्र पावसाच्या तोंडावर करू नका. त्या माळावरून मेंढरं नेणाऱ्या वाड्यांना, म्हणजे धनगरांच्या फिरत्या तळांना, उन्हाळ्यातच भेटा आणि कुठला तुकडा बंद, कुठली वाट मोकळी हे त्यांच्याबरोबर माळावर चालत ठरवा. त्या तुकड्याला ते ज्या नावाने ओळखतात तेच नाव नकाशावर लिहा.